विजयनगरच्या जन्मकथा

तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर, पंपाक्षेत्रातील प्रचंड शिलाखंडांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या विजयनगरच्या वैभवाविषयी परदेशी प्रवाशांत विलक्षण एकवाक्यता आढळते. परंतु ते नगर कोणी, केव्हा आणि कोणाच्या आज्ञेने वसविले, असा प्रश्न उपस्थित होताच जितके साक्षीदार तितक्या जबान्या ऐकू येतात.

त्यांतील सर्वांत लोकप्रिय जबानी सशाची. शिकारीस निघालेल्या राजाच्या कुत्र्यांवर एक ससाच उलटून धावला, आणि हे अद्भुत शृंगेरी मठाच्या विद्यारण्यस्वामींच्या कानी जाताच त्याच जागी नगर वसविण्याची त्यांनी राजास आज्ञा केली. १५३५ च्या सुमारास विजयनगरात असलेल्या नुनिझ नामक पोर्तुगीजाने हीच कथा नोंदवून ठेविली आहे. मात्र त्याच्या वृत्तांतातील संस्थापक परंपरेने मानलेले हरिहर-बुक्क नसून, दिल्लीच्या सुलतानाने आनेगुंदीच्या गादीवर बसविलेला 'देवराय' नावाचा मंत्री आहे. शिवाय श्वानांवर उलटणारा असाच ससा अहमदाबादच्या स्थापनाकथेतही भेटत असल्यामुळे, त्याला ऐतिहासिक साक्षीदार न मानता राजधान्यांचा पिढीजात भाट मानणेच सयुक्तिक ठरेल.

दुसरी परंपरा संस्कृत ग्रंथांची. वरंगळच्या प्रतापरुद्राच्या खजिन्यावर तैनात असलेले हरिहर आणि बुक्क हे बंधू १३२३ साली काकतीय सत्ता कोसळल्यावर कैद होऊन दिल्लीस गेले, आणि तेथून दक्षिणेचा बंदोबस्त करण्यासाठी सुलतानाकडूनच परत पाठविले गेले, असे ती सांगते. इतिहासकार फेरिश्त्याच्या मते मात्र हे नगर होयसळ राजा बल्लाळाने आपल्या पुत्राच्या नावे बांधिले. तर बहामनी दरबाराच्या आश्रयाने १३५० मध्ये काव्य लिहिणाऱ्या इसामीला कन्नड मुलूख बळकावणारा धर्मभ्रष्ट बंडखोर तेवढा दिसतो.

आधुनिक पंडितांनीही हा तंटा मिटविला नाही. १९२९ साली फादर हेरास यांनी, विद्यारण्यांची स्थापनाकथा शृंगेरी मठात सोळाव्या शतकात रचली गेली, असा पक्ष मांडून संस्थापकांच्या होयसळांशी असलेल्या संबंधावर भर दिला. वेंकटरमणय्यांनी संस्थापकांना तेलुगू ठरविले, तर सालेतोर यांनी कन्नड. गोव्यावर विजयनगरचा अंमल बसविणारा आंगिरस गोत्राचा माधवमंत्री आणि वेदभाष्यकार सायणाचा बंधू असलेला, परंपरेने विद्यारण्य मानला गेलेला भारद्वाज गोत्राचा माधवाचार्य हे दोन भिन्न पुरुषही कित्येकांनी एकच कल्पिल्यामुळे गुंता अधिकच वाढला.

शिलालेख मात्र मोजकेच बोलतात. १३३६ हे सर्वतोमुखी झालेले वर्ष ज्या ताम्रपटांवर विसंबते, त्यांतील काहींच्या अस्सलपणाविषयी विद्वानांना शंका आहे. १३४० च्या बदामी येथील लेखात हरिहर स्वतःस सम्राट म्हणवीत नाही, महामंडलेश्वर म्हणवितो. १३४६ साली, म्हणजे होयसळ राजा तिसरा बल्लाळ मदुरेच्या सुलतानाशी लढताना मारला गेल्यानंतर थोड्याच वर्षांनी, हरिहर, कंपण, बुक्क, मारप्प आणि मुद्दप्प हे संगम नामक पुरुषाचे पाचही पुत्र शृंगेरीस विजयोत्सव साजरा करून तेथील मठाधिपती भारतीतीर्थांस गावे इनाम देतात. आणि ज्या विद्यारण्यांच्या आज्ञेने राज्य निर्माण झाले म्हणतात, त्यांचे नावही त्या दानलेखात नाही.

यावरून एवढे उघड होते की, मठाला राजगुरुपदाची प्रतिष्ठा हवी होती आणि बहामनींना प्रतिपक्ष कृतघ्न ठरवावयाचा होता, म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीची जन्मवेळ कुंडलीत मांडली. दानलेखातील पाच नावे निराळेच सांगतात: होयसळ सत्ता ढासळत असता पाच भावांनी मुलुखामागून मुलूख जोडीत हे राज्य उभारिले, आणि सम्राटपदाला साजेशी जन्मकथा त्याला पुढे, सिंहासन स्थिर झाल्यावर लाभली.