पाव काठी आणि पाव टाकी

आडव्या टाकीत काठी घातली आणि ती पाव उंचीपर्यंत ओली निघाली, तर टाकीत पाव भाग तेल आहे असे कोणीही म्हणेल. मीही तसेच म्हणालो असतो. परंतु गेल्या कापसाच्या हंगामात हा प्रश्न आमच्या घरी रुपयांचे रूप घेऊन आला, आणि दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला पुन्हा वही उघडावी लागली.

माझे वडील एका जिनिंग कारखान्यावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. वीज गेली की जनरेटर सुरू करणे, तो किती तास चालला ते वहीत लिहिणे आणि सकाळी डिझेलच्या टाकीत काठी घालून खूण दाखवणे ही कामेही त्यांच्याकडेच. टाकी लोखंडी, गोल, विटांच्या दोन ओट्यांवर आडवी ठेवलेली. व्यास ९० सेंटिमीटर, लांबी १५० सेंटिमीटर. एकदा टाकी काठोकाठ भरल्यानंतर चार रात्रींत जनरेटर १७ तास चालला. तासाला ११ लिटर या दराने १८७ लिटर डिझेल जळायला हवे होते. काठीवर मात्र वरचा पाव भाग रिकामा झालेला दिसला. मुनीमजींनी टाकीच्या ९५४ लिटरांचा चौथा हिस्सा काढला : २३९ लिटर. म्हणजे ५२ लिटर डिझेल गेले कुठे? रात्री टाकीजवळ एकटे वडीलच असतात. साडेचार हजारांच्या वर रक्कम त्यांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापण्याचे ठरले.

आता गणिताकडे वळू. टाकी उभी असती तर हा घोळ झालाच नसता. जळगावहून नाशिककडे जाताना मनमाड लागते. तेथे जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि अशा डेपोंतील मोठाल्या टाक्या उभ्या नळकांड्यासारख्या असतात. उभ्या टाकीत तळाचे क्षेत्रफळ गुणिले तेलाची उंची एवढेच करायचे. घन सेंटिमीटरांना १००० ने भागले की लिटर मिळतात. तेथे पाव उंचीला पाव तेल हे अगदी बरोबर. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवरच्या पंपांखाली मात्र टाक्या जमिनीत आडव्या निजलेल्या असतात.

आडव्या टाकीचे पोट मध्ये रुंद आणि खाली-वर निमुळते. आमच्या टाकीत तेल बरोबर अर्ध्यावर असताना त्याचा पृष्ठभाग ९० सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा काठीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेतेरा लिटर. तळापासून दोन सेंटिमीटरवर हीच रुंदी साडेसव्वीस भरते, आणि तिथला एक सेंटिमीटर म्हणजे जेमतेम चार लिटर. काठीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असल्या तरी त्यांची किंमत सारखी नसते.

ही रुंदी कशी काढावी? उत्तर आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेल्या माणसाने देऊन ठेवले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त वर्तुळाच्या तुकड्याचा विचार आहे. तुकड्याच्या उंचीला तेथे शर म्हणतात आणि सरळ रेषेला जीवा. व्यासातून शर वजा करा, बाकीला शराने गुणा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, ती जीवा. आमच्या टाकीत शर म्हणजे काठीचा ओला भाग, आणि जीवा म्हणजे तेलाच्या पृष्ठभागाची रुंदी. ग्रंथालयातील भाषांतरात हा नियम सापडला तेव्हा मी तेथेच कागद काढला.

पाव उंची म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर. ९० मधून ते वजा जाता ६७.५ उरतात. दोघांचा गुणाकार १५१८.७५, वर्गमूळ ३८.९७, दुप्पट ७७.९४. आता वर्तुळाच्या मध्यापासून जीवेच्या दोन्ही टोकांपर्यंत रेषा ओढा. पाव उंचीला या दोन रेषांतला कोन १२० अंशांचा, म्हणजे वर्तुळाची बरोबर एक तृतीयांश फोड होते. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ ६३६२ चौरस सेंटिमीटर, तर फोडीचे २१२१. तिच्यातून मधला त्रिकोण काढून टाकायचा : पाया ७७.९४, उंची २२.५, क्षेत्रफळ ८७७. उरले १२४४. त्याला लांबी १५० ने गुणले की १,८६,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८७ लिटर होतात.

वरचा पाव आणि खालचा पाव सारख्याच आकाराचे. तेव्हा वरचा पाव रिकामा झाला म्हणजे १८७ लिटरच गेले, आणि वहीतल्या १७ तासांचा हिशेब लिटरला लिटर जुळला. शेकड्यात सांगायचे तर पाव काठी म्हणजे २५ नव्हे, साडेएकोणीस टक्के. एक दशांश काठीला तर जेमतेम सव्वापाच टक्केच तेल असते.

यातली एक गंमत मला नंतर सुचली. मधल्या दोन पावांत प्रत्येकी २९० लिटर असतात, मुनीमजी मात्र २३९ च धरणार. म्हणजे टाकीच्या मधल्या भागात दर पावाला ५१ लिटर डिझेल हिशेबापेक्षा जास्त निघत असले पाहिजे. त्या वाढाव्याबद्दल कोणी कधी पहारेकऱ्याला विचारले नाही!

काठीवर भरवसा ठेवून भाव ठरवण्याचा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. १६१३ साली लिंझ शहरात केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने लग्नासाठी द्राक्षमद्याची पिंपे घेतली. व्यापारी पिंपाच्या भोकातून तिरकी काठी घाली आणि ओल्या लांबीवरून दाम सांगे. पिंपाचा आकार तो पाहतच नसे. केप्लरला ते खटकले आणि १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर त्याचा ग्रंथच निघाला. पेट्रोल पंपावर यासाठी प्रत्येक टाकीचे कोष्टक असते. काठीवर इतके सेंटिमीटर तर इतके लिटर, हे त्यात पाहून लिहितात. काठीच्या टोकाला एक लेप लावतात. तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. शिवाय उष्णतेने तेल फुगते, म्हणून घनता मोजून ती १५ अंश तापमानाची करून घेतात. दहा हजार लिटर डिझेल दहा अंशांनी तापले तर सुमारे ८० लिटरांनी वाढते, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर सर्वांना ठाऊकच आहे.

मी तसेच कोष्टक दर पाच सेंटिमीटरांना एक याप्रमाणे तयार केले आणि वडिलांबरोबर कारखान्यावर गेलो. मुनीमजींनी आधी ते बाजूला सारले. मग मी त्यांना पाण्याने भरलेली गोल बाटली आडवी धरून दाखवली आणि मापाच्या पेल्याने पाणी मोजायला लावले. दोनदा मोजल्यावर ते गप्प झाले. कापलेला पहिला हप्ता पुढच्या पगारात परत आला; त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. कोष्टक जनरेटरच्या खोलीत भिंतीवर चिकटवले आहे. वडील काठीची खूण पाहून त्यावरून आकडा स्वतः वाचतात.

तरीही पाच-सहा लिटरांचा फरक राहतोच. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहिले तेव्हा टाकी एका बाजूला दोन बोटे खचलेली निघाली, आणि काठीचे भोक नेमके उंच बाजूला आहे. कललेल्या टाकीचे गणित मला अजून जमलेले नाही.