फांदीचा चौरंग, मेजवानीची शान

थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी लखनौच्या चौक भागात गेले, तर गोल दरवाजापाशी मक्खन मलाईवाले हमखास भेटतात. फेसासारखी हलकी, केशराच्या रंगाची ही मिठाई मोठ्या भांड्यात शीग लावून ठेवलेली असते आणि ते भांडे जमिनीवर नसते. ते असते कमरेइतक्या उंचीवर. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते आणि मग पावलेही थांबतात.

उत्तरेकडच्या जुन्या खोमचेवाल्यांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. डोक्यावर चाटची टोपली आणि खांद्याला बोरूसारख्या काड्यांचा, डमरूच्या आकाराचा हलका स्टँड. गिऱ्हाईक दिसले की स्टँड जमिनीवर, टोपली त्याच्यावर आणि दुकान सुरू! पदार्थ तोच, पण हातभर उंच ठेवला की त्याला मान मिळतो.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? देव चौरंगावर बसतो, जेवायला पाट लागतो, हळदीकुंकवाचे तबकसुद्धा आपण नुसत्या फरशीवर ठेवत नाही. हल्ली वाढदिवसाचा केक, बारशाचे पेढे, साखरपुड्याची ताटे किंवा दिवाणखान्यातली एखादी कुंडी मांडण्यासाठी लाकडाच्या ओबडधोबड, गावरान रूपाच्या स्टँडची आवड वाढली आहे. झाडाच्या फांदीची गोल चकती, तिच्यावरची वर्तुळे जशीच्या तशी, खाली फांदीचेच तीन पाय. दिसायला साधे, पण अशा स्टँडला बाजारात चांगलीच किंमत पडते. थोडा धीर असेल, तर तो घरीही बनवता येतो.

मात्र दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवायला हव्यात. गावरान म्हणजे निष्काळजीपणे केलेले नव्हे. आणि घर सजवण्यासाठी एखादे झाड उजाड करण्याइतकी कोणतीच सजावट मोठी नाही.

लाकूड येते कुठून?

लखनौपासून हरदोईच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद आहे. दशहरी आंब्याचे हे माहेरघर. ज्या गावावरून या आंब्याला नाव मिळाले, ते दशहरी गावही वाटेत काकोरीजवळच लागते आणि तिथला जुना मूळ वृक्ष लोक आवर्जून पाहायला जातात. मलिहाबादी दशहरीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला हापूसचा जेवढा अभिमान, तेवढाच इथल्या माणसाला दशहरीचा!

पण बागा म्हाताऱ्या होतात. झाड चाळीस वर्षांच्या पुढे गेले की फांद्या एकमेकींत गुंततात, आत ऊन पोहोचत नाही, फळ शेंड्याकडे जाते आणि कमी होते. अशा वेळी बागवानापुढे दोन वाटा असतात. झाड काढून टाकायचे, नाहीतर त्याला पुन्हा तरुण करायचे.

दुसरी वाट दाखवण्याचे काम काकोरीजवळच्या रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने केले आहे. १९७२ साली आंबा संशोधन केंद्र म्हणून ही संस्था सुरू झाली. जुन्या झाडाच्या मोठ्या फांद्या डिसेंबर-जानेवारीत ठराविक उंचीवर छाटायच्या, कापलेल्या जागी औषधाचा लेप द्यायचा आणि पुढे फुटणाऱ्या धुमाऱ्यांतले मोजकेच ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा फळाला येते. आपल्याकडे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठही जुन्या हापूस बागांसाठी पुनरुज्जीवनाची शिफारस करते.

या छाटणीत मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या निघतात. त्यांतल्या कितीतरी सरळ चुलीत किंवा भट्टीत जातात. आपल्याला हवे आहे ते हेच लाकूड. झाड उभेच राहते, फांदीचे सोने होते आणि बागवानाला सरपणापेक्षा चार पैसे जास्त मिळू शकतात.

उत्तर प्रदेशात आंब्याचे हिरवे झाड मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. त्यासाठी १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. महाराष्ट्रातही १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. म्हणून चकती विकत घेताना एक साधी खूण पाहावी. आठ, दहा, बारा इंचांची चकती फांदीची असू शकते. दोन-अडीच फूट रुंदीची चकती मात्र बहुधा बुंध्याचीच असते, म्हणजे तिच्यासाठी अख्खे झाड पडलेले असते. ते झाड वादळात पडले, वाळले की तोडले, हे दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. केकसाठी बारा इंच पुरेसे असतात!

तडे का जातात?

घरी हौसेने आणलेली चकती पंधरा दिवसांत मधोमध फाटते आणि उत्साह मावळतो. यात लाकडाचा दोष नाही. ओले लाकूड वाळताना आकसते, पण सगळीकडून सारखे नाही. मध्यापासून सालीपर्यंत ते जेवढे आकसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ते वर्तुळांच्या दिशेने आकसते. त्यामुळे चकतीचा घेर मधल्या भागाला अपुरा पडतो आणि ताण सहन न होऊन केकचा तुकडा कापावा तशी फट पडते.

लखनौत मे महिन्यात 'लू' वाहते. त्या गरम वाऱ्यात उघडी ठेवलेली चकती दोन दिवसांत तडकते. उलट मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि आंब्याचे फिकट लाकूड काळे-निळे पडते. म्हणून मधला मार्ग धरावा :

० फांदी आणल्याबरोबर चकत्या करू नका. दोन-अडीच फुटांचे तुकडे करून दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा. लाकडातले पाणी तोंडांतूनच सर्वांत वेगाने निघून जाते.

० साल काढून टाका. ती दिसायला छान वाटते, पण किडे तिच्याच आड अंडी घालतात. शिवाय वाळल्यावर ती सुटून पडतेच.

० तुकडे जमिनीवर न ठेवता विटांवर, सावलीत आणि हवेशीर जागी रचा. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका.

० चार-सहा महिने थांबा. दर महिन्याला एक तुकडा वजन करून वहीत लिहा. वजन कमी होण्याचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे.

० चकती दीड ते दोन इंच जाड कापा. करवत थोडी तिरकी धरली, तर चकती लांबट गोल होते आणि तडा जाण्याची भीतीही कमी होते.

इतके करूनही बारीक भेग पडली, तर वाईट वाटून घेऊ नका. भेगेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी खाच पाडून बसवली की भेग वाढत नाही आणि शोभाही येते.

किडीचा बंदोबस्त

आंब्याचे लाकूड कापायला सोपे आणि रंगाला सुरेख असते, पण किडीला ते फार आवडते. स्टँडखाली पिठासारखी पूड पडू लागली की समजावे, आत पाहुणे आले आहेत. यावर जुना उपाय टाकणखार आणि बोरिक ॲसिडचा आहे. शंभर भाग गरम पाण्यात तीन भाग टाकणखार आणि दोन भाग बोरिक ॲसिड विरघळवून ते कापलेल्या चकतीला दोन-तीन वेळा ब्रशने लावावे आणि चकती पुन्हा सावलीत वाळवावी. हे पाणी पोटात जाऊ देऊ नये. मुलांपासून आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून ते दूर ठेवावे. अशा स्टँडवर पदार्थ कधीही थेट मांडू नये.

आणखी एक गोष्ट. आंब्याच्या चिकाने जसे काहींच्या तोंडाला उतते, तसा त्याच्या ओल्या लाकडाचा आणि भुशाचाही काहींच्या कातडीला त्रास होतो. घासताना हातमोजे घाला आणि नाका-तोंडावर रुमाल बांधा.

तीन पायांचा स्टँड

साहित्य : दहा-बारा इंच रुंदीची एक चकती, दीड इंच जाडीच्या फांदीचे पाच इंच लांबीचे तीन तुकडे, फेविकॉल, ८०, १२० आणि २२० नंबरचा सँडपेपर.

पाय तीनच का? चार पायांचा स्टँड उंचसखल जागी डुगडुगतो. तीन पाय मात्र कुठेही ठेवले तरी टेकतातच.

चकतीच्या खालच्या बाजूला, काठापासून दोन इंच आत, सारख्या अंतरावर तीन खुणा करा. तिथे पाऊण इंच खोल भोके पाडा. हे काम सुताराकडून करून घेतले तरी चालेल. पायांची वरची टोके चाकूने तासून भोकात घट्ट बसतील अशी करा आणि फेविकॉल लावून ठोका. पाय चकतीइतकेच वाळलेले हवेत. ओला पाय नंतर आकसतो आणि ऐन समारंभात निखळतो!

फेविकॉल वाळल्यावर स्टँड सपाट फरशीवर उभा करा. एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तिन्ही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारा आणि रेघेवर कापा. वरचा भाग तिरका वाटत असेल, तर पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून तो आधी सपाट करून घ्यावा आणि मग रेघ मारावी.

मजल्यांचा स्टँड हवा असेल, तर बारा, नऊ आणि सहा इंचांच्या चकत्या घ्या. प्रत्येकीच्या मधोमध, जिथे लाकडाचा गाभा असतो तिथेच, आरपार भोक पाडा. तडा बहुतेकदा गाभ्यापासूनच निघतो, म्हणून गाभा काढल्याने ताण थोडा हलका होतो आणि त्याच भोकातून आट्यांची लोखंडी सळई घालता येते. दोन चकत्यांच्या मध्ये पाच-सहा इंचांचा, भोक पाडलेला फांदीचा तुकडा ओवा आणि वर-खाली नट आवळा. खालची चकती नेहमी सर्वांत जड असावी.

पॉलिश कोणते?

सँडपेपर आधी ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी २२० असा चढत्या क्रमाने फिरवा. चकतीचे तोंड घासायला फळीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे गृहीत धरा.

त्यानंतर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपडा लाखेचे तीन-चार पातळ हात सुती कापडाच्या बोळ्याने द्यावेत. रंग मधासारखा उठतो. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम गॅसपासून लांब आणि खिडक्या उघड्या ठेवून करा. लाखेला उष्णता सोसत नाही. गरम पातेले ठेवले की पांढरा वळा उमटतो. फुलदाणी, मूर्ती किंवा भेटवस्तूंसाठी हे पॉलिश उत्तम.

बाजारात मिळणाऱ्या 'बॉइल्ड' जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, म्हणून खाण्याच्या वस्तूंजवळ ते नको. आणि पॉलिश कोणतेही असो, पदार्थ केळीच्या पानावर, बशीत किंवा थाळीत घालूनच स्टँडवर ठेवावा. त्यामुळे लाकडाला तेलाचे डाग पडत नाहीत आणि घासून धुण्याची वेळही येत नाही. स्टँड पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा.

मांडणीची नजाकत

लखनौच्या दस्तरखानाची ख्याती केवळ पदार्थांमुळे नाही, मांडण्याच्या पद्धतीमुळेही आहे. तिथून एक धडा घेण्यासारखा आहे. सगळेच उंच ठेवले, तर काहीच उठून दिसत नाही. टेबलावर एकच उंच स्टँड असावा, त्याच्या शेजारी एक बुटका आणि बाकी सारे सपाट. उंच स्टँडवर समारंभाचा मुख्य पदार्थ ठेवा, मग तो केक असो, मोदक असोत की दशहरीच्या फोडी.

चौकातल्या चिकनकारीच्या कामात कापडावर नक्षी आधी लाकडी ठप्प्यांनी, धुतल्यावर निघून जाणाऱ्या निळीने छापली जाते आणि मग तिच्यावर टाका पडतो. झिजून कामातून गेलेला असा ठप्पा मिळाला, तर स्टँडशेजारी अत्तरदाणी किंवा पणती ठेवायला तो छान दिसतो. पेटती पणती मात्र लाकडावर थेट नको, खाली मातीची बशी हवीच.

गौरी-गणपतीत हाच स्टँड आराशीला येतो, संक्रांतीला वाणाच्या वस्तू मांडायला येतो आणि एरवी तुळशीच्या छोट्या कुंडीसाठी खिडकीपाशी उभा राहतो. वर्षातून एकदा मेणाचा हात दिला की झाले.

पाहुण्यांतले कुणीतरी विचारेलच, "कुठून आणलात हो?" तेव्हा सांगता आले पाहिजे, की ही आंब्याची फांदी आहे, छाटणीत निघालेली, आणि तिचे झाड अजून उभे आहे. त्या झाडाला पुढच्या मोसमात मोहोर येणार असेल, तर तुमच्या चौरंगाची शोभा खरोखरच वाढली म्हणायची.