आधी ओटीपी, मग बाकीचं

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि थोड्याच दिवसांत वसतिगृहं रिकामी झाली. चार कपडे घेऊन गोंदिया-भंडाऱ्याकडे निघालेल्या पोरांची पुस्तकं खोलीतच कुलपात राहिली. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षांसंबंधी सूचना काढल्या. त्यात ‘मेंटॉर-मेंटी’ समुपदेशन बळकट करा, असंही होतं. बळकट करायला मुळात काही असावं लागतं! पुष्कळ कॉलेजांत ते होतं, पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत. एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे नॅक विचारायचं. म्हणून याद्या तयार, सह्याही तयार.

प्रत्यक्षात मात्र ज्या सर-मॅडमना पोराचं गाव आणि घरची शेती आधीपासून ठाऊक होती, त्यांनाच पोरांनी आपणहून फोन केले. ‘मला फार निराश वाटतंय’ अशी सुरुवात कुणी करत नाही. “सर, फॉर्म भरून राहिलो, पण ओटीपीच येऊन नाही राहिला,” अशी होते. ओटीपीचं मार्गी लागतं. फोन ठेवता ठेवता मग कळतं, की बाबांचं काम मार्चपासून बंद आहे आणि हा रात्री झोपत नाही. खरं मेंटॉरपण इथून पुढे.

अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, यावर राज्य सरकार आणि आयोग भांडत राहिले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही, असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये नागपूर विद्यापीठाने ती मोबाइल ॲपवर घेतली. ॲप उघडेना, तेव्हा वर्गातलीच दोन-तीन पोरं व्हॉट्सॲपवर बाकीच्यांना एकेक पायरी सांगत बसली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरंही त्यात असत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक आणि विशेषतः परीक्षेच्या काळात लहान गटांसाठी मेंटॉर नेमायला सांगितलं. आदेश चांगला आहे. पण कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर. त्यांना पैसे घेतलेल्या तासाचे. फोनवरच्या तासाचे नाहीत. सत्र संपलं की नेमणूक संपते. नेमक्या उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर पोराच्या मेंटॉरचंच नाव हजेरीपटावर नसतं.