धुराडे नसलेली आगबोट

एंटरप्राइझ या अमेरिकन विमानवाहू नौकेचे जुने छायाचित्र कोठे मिळाले तर, विद्यार्थी मित्रहो, ते नीट निरखून पाहा. सपाट धावपट्टीच्या उजव्या कडेला एक चौकोनी मनोरा दिसेल. त्यावर रडार आहे, पण धुराडे मात्र नाही. ही नौका चालत असे वाफेवरच. म्हणजे ती आगबोटच झाली. मग तिची आग होती कोठे?

२५ नोव्हेंबर १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ही अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली विमानवाहू नौका. लांबी ३४२ मीटर, आणि तिच्यावर राहणारी माणसे पाच हजारांच्या आसपास. तिच्या पोटात आठ अणुभट्ट्या होत्या. आठच का? कारण त्या काळच्या मोठ्या विमानवाहू नौकांत तेलावर तापणारे आठ बॉयलर असत. रचनाकारांनी प्रत्येक बॉयलरच्या जागी एकेक भट्टी बसवली! नवी शक्ती जुन्या साच्यात बसवण्याचा हा मोह इंजिनियरांनाही सुटत नाही. १९७५ साली आलेल्या निमिट्झ या नौकेला दोनच भट्ट्या पुरल्या.

भट्टीत युरेनियमच्या अणुकेंद्राचे भंजन होते व उष्णता निर्माण होते. ती उष्णता भारी दाबाखालचे पाणी वाहून नेते. दाबामुळे हे पाणी उकळत नाही. नळ्यांच्या भिंतीतून ते आपली उष्णता दुसऱ्या, स्वच्छ पाण्याला देते व या दुसऱ्या पाण्याची वाफ होते. वाफेने टर्बाइन फिरते, टर्बाइनने पंखे फिरतात. विमानांना धावपट्टीवरून जोराने पुढे फेकणाऱ्या यंत्रांनाही हीच वाफ पुरवली जाई. ज्वलन कोठेच नाही, म्हणून हवा नको आणि धूरही नाही. उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला याचे मोल विचारा! तेलाच्या नौकेत धुराड्यातून निघणारा तप्त झोत नेमका त्याच्या वाटेतली हवा ढवळून टाकतो.

आता थोडा हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या. या नौकेच्या इंजिनांची शक्ती २ लाख ८० हजार अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २०९ मेगावॉट. उष्णतेचा चौथा हिस्सा गतीच्या कामी येतो असे धरू. मग भट्ट्यांनी सुमारे ८३६ मेगावॉट उष्णता द्यायला हवी. युरेनियम-२३५ च्या एका ग्रॅमचे पूर्ण भंजन झाले तर सुमारे ८,२०० कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. यावरून पूर्ण वेगाच्या एका दिवसाला किती युरेनियम लागेल ते काढा. उत्तर येते सुमारे ८८० ग्रॅम, किलोभरसुद्धा नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी तेल मात्र १,७०० टन जाळावे लागेल. तेलाची यंत्रे जरा अधिक कार्यक्षम धरली तरी हा आकडा हजार टनांच्या खाली येत नाही. शिवाय जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते, म्हणून तेलाची नौका घाई करू लागली की तिच्या टाक्या भराभर रिकाम्या होतात.

ही मोकळीक जगाला दाखवण्यासाठी १९६४ साली एंटरप्राइझ आणि अणुशक्तीवरच्या आणखी दोन युद्धनौका मिळून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. ६५ दिवसांत ३० हजारांहून अधिक सागरी मैल झाले. वाटेत इंधन म्हणून काही घ्यावे लागले नाही.

"म्हणजे ती कायमच चालत राहील ना, सर?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गोदीत गेली आणि आठही भट्ट्यांचे इंधन बदलावे लागले. पहिला साठा तीन वर्षे पुरला होता. मग सुरुवातीलाच जास्त युरेनियम का भरू नये? कारण गरजेपेक्षा जास्त युरेनियम एकत्र आले की न्यूट्रॉन वाढत जातात आणि साखळी प्रक्रिया आवरणे कठीण होते. यावर एक सुंदर तोड निघाली. इंधनाबरोबर बोरॉनसारखे मूलद्रव्य ठेवायचे. ते न्यूट्रॉन गिळते आणि गिळता गिळता स्वतः संपत जाते. जसजसे युरेनियम कमी होते तसतसा हा खादाड पाहुणाही कमी होतो आणि तोल टिकतो! नौकांच्या भट्ट्यांचे आयुष्य वाढण्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे. एंटरप्राइझचे इंधन शेवटचे बदलले गेले ते १९९० ते १९९४ च्या दुरुस्तीत, आणि ते २०१२ पर्यंत पुरले.

परंतु भट्टीने नौका चालते, विमान चालत नाही. विमानांचे तेल, दारूगोळा आणि भाजीपाला घेऊन पुरवठा जहाजांना तिच्यापाशी यावेच लागे. १४ जानेवारी १९६९ रोजी हवाईजवळ घडलेला भीषण अपघातही या तेल-दारूगोळ्याचाच होता. विमान सुरू करणाऱ्या छोट्या यंत्राच्या उष्ण झोताने एका विमानाखालचे रॉकेट तापून फुटले. सांडलेले तेल पेटले आणि लागोपाठ बाँब फुटू लागले. २८ माणसे दगावली, १५ विमाने नष्ट झाली. मार्चमध्ये नौका पुन्हा समुद्रावर निघाली.

तिने बरेच काही पाहिले: १९६२ ची क्यूबाची कोंडी, १९६५ पासून व्हिएतनामचे युद्ध, २००१ साली अफगाणिस्तानवरचे हल्ले. आपला तिचा संबंध आला तो डिसेंबर १९७१ मध्ये. बांगलादेशाचे युद्ध निर्णायक टप्प्यावर असताना अमेरिकेने तिला बंगालच्या उपसागरात धाडले. आपली विक्रांत तेथेच होती. तीही १९६१ सालीच नौदलात आलेली, आकाराने कितीतरी लहान, आणि एका बॉयलरला तडा गेल्यामुळे पूर्ण वेगाने जाऊ न शकणारी. तरीही विक्रांतची विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर मारा करीत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. एंटरप्राइझने एकही गोळी झाडली नाही.

या दोघींचा शेवट मात्र फार निराळा. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ साली दारूखान्यात गॅसच्या ज्योतीने कापली जाऊ लागली. एंटरप्राइझला असे कापता येत नाही. तिची सेवा १ डिसेंबर २०१२ रोजी थांबली. इंधन काढून घेतल्यावर २०१७ मध्ये तिचे नाव नौदलाच्या यादीतून उतरले. ती तोडण्याचे कंत्राट निघाले थेट २०२५ साली, ५० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे. बांधायला लागलेला खर्च सुमारे ४५ कोटी होता. अर्थात डॉलरचे मोल तेव्हा बरेच जास्त होते.

इंधन काढले तरी भीती उरते ती कशाची? भट्टीच्या पोलादावर वर्षानुवर्षे न्यूट्रॉन आदळले. त्यातला कोबाल्ट त्यामुळे किरणोत्सारी कोबाल्ट-६० बनतो. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे. २०१२ मधला कोबाल्ट-६० घेतला तर २०२८ च्या सुमारास त्याचा आठवा हिस्सा उरेल. थांबण्याचा फायदा झाला तो हा. त्याच पोलादातल्या निकेलपासून झालेल्या निकेल-६३ चे अर्धायुष्य मात्र शंभर वर्षांचे आहे. त्याचा आठवा हिस्सा उरायला किती वर्षे लागतील, ते तुम्हीच काढा.