आमचे आबा : स्वतः हसले, सगळ्यांना हसवले

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली रिकामी करायची पाळी आली तेव्हा माळ्यावरून आबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत एक मफलर, चष्म्याचे घर, गिरणीचा बिल्ला, दहा-बारा पुस्तके आणि लाल कापडी बांधणीची एक वही एवढाच ऐवज निघाला. आम्ही सहा नातवंडे त्या ट्रंकेभोवती बसलो आणि आबांच्या एकेका गोष्टीने हसू लागलो. माणूस जाऊन इतकी वर्षे झाली, तरी घर हसवण्याचे काम त्यांनी सोडलेले नाही. वहीबद्दल शेवटी सांगू, आधी आबांबद्दल.

आमचे आजोबा, कालकथित आबा, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील मुंबईला गिरणीत होते म्हणून बारा-तेरा वर्षांचे असताना बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३६. "मास्तरांनी आमच्या गावातल्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं. त्या दिवशी सुईणीचे काय हाल झाले असतील!" असे ते म्हणत. दिवसा पडेल ते काम आणि संध्याकाळी रात्रशाळा, असे करून सातवी झाले आणि अठराव्या वर्षी गिरणीच्या रिंग खात्यात लागले.

रिंग खातेच का, हे आम्ही एकदा विचारले. तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांच्या वेळची हकिकत सांगितली. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागले तर विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगार आपल्याला त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. एवढे सांगून आबा गंभीर होत आणि मग हळूच म्हणत, "पण पोरांनो, सूत तर आमच्याच हातचं होतं. त्याच सुताचं धोतर नेसून ते देवळात जायचे. आता विटाळ मोजायचा झाला तर कुठून कुठपर्यंत मोजायचा?" आम्ही खो खो हसायचो. मोठे झाल्यावर कळले की त्या हसण्यातून आबांनी आम्हाला इतिहास शिकवला होता, आणि तोही मनात कडवटपणा न ठेवता.

१६० चौरस फुटांच्या त्या खोलीत आबा, आजी, पाच मुले आणि गावाकडून कामाच्या शोधात आलेला कोणी ना कोणी पाहुणा असे. कोणालाही त्यांनी 'जागा नाही' म्हटले नाही. रात्री सगळे ओळीने झोपले की आबा जाहीर करीत, "कोणी एकट्याने कूस बदलायची नाही. मी शिट्टी मारीन, तेव्हा सगळ्यांनी एकदम डावीकडे!" नवा पाहुणा ते खरे समजून रात्रभर शिट्टीची वाट पाहत जागा राही.

७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत आबा राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत चालत गेले. तिथे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली, त्यांत वीस वर्षांचे आबाही होते. त्या दिवसाबद्दल मात्र ते विनोद करीत नसत. फक्त एकदा, आमच्या आत्याला शाळेत घालताना कारकुनाने फॉर्म भरता भरता विचारले, "धर्म?" आबा म्हणाले, "बौद्ध." "जात?" आबा शांतपणे म्हणाले, "ती छप्पन साली दादरच्या समुद्रावर टाकून आलो. तुम्हाला सापडली तर कळवा." कारकून क्षणभर बघत राहिला आणि मग त्यालाही हसू आवरले नाही.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीहून येताना ते एक पुस्तक विकत आणीत. खिशात कमी पैसे असले तर पातळ पुस्तक, बरे असले तर जाड. आजी म्हणे, "अहो, पोराला चप्पल नाही आणि पुस्तक कसलं?" त्यावर आबांचे उत्तर ठरलेले, "चप्पल वर्षभरात झिजते. हे जितकं वापरू तितकं वाढतं." मग दोन दिवसांनी गुपचूप कुठून तरी चप्पलही येई. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत बसलेले आबा अजून डोळ्यांसमोर आहेत. शब्द अडला की नातवंडांना विचारीत आणि म्हणत, "बघ, तुझी फी वसूल झाली."

अशा माणसाच्या वाट्यालाही १९८२ साल आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक परत कधी आत गेलेच नाहीत. आबाही त्यांतलेच. आधी घरातली भांडी गेली, मग आजीचे डोरले. आबा काही दिवस भाजी विकायला बसले, पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला पैसे मागवेनात. पुढे एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "मला बढती मिळाली! गिरणीत आठ तास उभं राहायचो, इथं खुर्ची दिली आहे." सगळे हसले. त्या रात्री आबा जेवले नाहीत, हे आजीने आम्हाला फार उशिरा सांगितले.

मोठे काका त्याच वर्षी दहावी पास झाले, चांगल्या गुणांनी. त्यांना पुढे शिकायचे होते. पण घरात चार धाकटी भावंडे होती. कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही. जूनमध्ये काका मशीद बंदरच्या एका गोदामात मालाच्या गोणी उचलायला लागले. त्यांच्या कमाईवर धाकट्यांच्या शाळा झाल्या. काका आणि आबा यांच्यात भांडण असे कधी झाले नाही, पण बरीच वर्षे दोघांत बोलणे बेताचेच होते. आबा साऱ्या चाळीची थट्टा करीत, काकांची करीत नसत. घरात कोणाचाही निकाल लागला की पहिला पेढा मात्र ते काकांच्या हातावर ठेवीत. आम्हाला वाटे, ते घरातले थोरले म्हणून.

आबा २००९ साली गेले. शेवटचे पंधरा दिवस इस्पितळात होते. डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, भूक लागते का?" आबा म्हणाले, "लागते हो, पण तुमचं जेवण आलं की जाते." त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झाल्यावर जो जो बोलायला उठला, त्याने आबांचा एक किस्सा सांगितला. डोळे पुसत पुसत लोक हसत होते. अशी शोकसभा आम्ही दुसरी पाहिली नाही.

आता त्या वहीबद्दल. संपाच्या काळात ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचा हिशेब आबांनी तीत लिहिला होता. शेजाऱ्याचे वीस रुपये, वाण्याची उधारी, एका सोबत्याने दिलेले दहा किलो तांदूळ. प्रत्येक नोंदीपुढे नंतर कधीतरी 'चुकते' असे लिहून रेघ मारलेली. काही रेघा तर दहा-बारा वर्षांनंतरच्या. शेवटच्या पानावर एकच नोंद होती : 'मोठा. शाळा सोडली, जून १९८२.' पुढे रक्कम नाही. रेघही नाही. फक्त एक शब्द : 'बाकी.'

आम्ही ती वही काकांच्या हातात दिली. काका आता साठीला आले आहेत. त्यांनी ते पान दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खोलीत कोणी बोलेना. मग काका म्हणाले, "बरं झालं, आबांनी व्याज धरलं नाही. नाहीतर एवढी मोठी रक्कम ठेवायला या खोलीत जागा कुठली?" आवाज थेट आबांचा होता. आम्ही सगळे हसलो आणि आजीने पदर डोळ्यांना लावला. काकांनी खिशातले पेन काढून 'बाकी'पुढे लिहिले : 'चुकते.' आणि रेघ मारली.

वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचाही नंबर येईल. नव्या घरात कूस बदलायला शिट्टी लागणार नाही. पण आबांची ट्रंक तिथे येणार आहे, आणि ती वहीही.

वाचकहो, तुमच्या घरातही असे एखादे आबा असतील किंवा होऊन गेले असतील. त्यांचे किस्से मुलांना सांगा, जमल्यास लिहून ठेवा. आणि कोणाची काही बाकी मनात राहिली असेल, तर ती वहीत राहू देऊ नका; समोर बसून बोला. आमच्या घरात तेवढे मात्र राहून गेले होते.

आबांच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.