वहिवाटीचे मातृत्व

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म; आणि वत्स म्हणजे वासरू किंवा लेकरू, ज्यापासून आपला ‘वात्सल्य’ हा शब्द निघाला. तेव्हा या जिल्ह्यातील मानोरा, मालेगाव वा रिसोड तालुक्यातल्या एखाद्या परसात, कुटार अंथरलेल्या टोपल्यात शेजारणीची अंडी पोटाखाली घेऊन बसलेली गावरान कोंबडी पाहून वात्सल्याचा विचार मनात यावा, हे स्थलमाहात्म्याला धरूनच आहे. मात्र परक्या पिल्लांवरील तिच्या मायेविषयी लोकांत काही समजुती अशा रूढ आहेत की ज्यांची एकदा नीट तपासणी व्हावयास हवी.

गैरसमज १ : कोंबडीला आपले अंडे आणि आपले पिल्लू उपजतच ओळखता येते.

वस्तुस्थिती : अंड्याच्या बाबतीत ती कसलाही दाखला मागत नाही. दुसऱ्या कोंबडीचे, बदकाचे, इतकेच काय पण चिनी मातीचे खोटे अंडेही ती चोचीने ओढून पोटाखाली घेते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. पण तिच्यापाशी पंचांग नसल्यामुळे वरचा आठवडाही ती बिनतक्रार बसून काढते. कवच फुटण्यापूर्वीच पिल्लू आतून चिवचिवू लागते व ती त्यास साद देते. पुढील दिवसांत त्याचा रंग आणि आवाज तिच्या परिचयाचा होतो. ओळख म्हणून जी काही असते ती ही अशी, सहवासाने झालेली असते.

गैरसमज २ : कोंबडीची जात मायाळू, कोणतीही कोंबडी कोणतेही पिल्लू सांभाळील.

वस्तुस्थिती : अंडी देण्याच्या ऐन भरात असलेल्या कोंबडीपुढे परके पिल्लू सोडले, तर बहुधा ती त्यास टोचून हाकलते. माया जागते ती खुडूक अवस्थेत, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसते तेव्हा, आणि तिच्या मुळाशी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते. अमेरिकेतील रिडल, बेट्स आणि लार या संशोधकांनी १९३५ साली हे संप्रेरक टोचून कोंबड्यांना खुडूक करून दाखविले. पिल्लाच्या बाजूनेही मुदत ठरलेली असते. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत जे हलते-बोलते समोर दिसेल त्यामागे ते चालू लागते, हे इंग्लंडात स्पाल्डिंगने १८७३ साली नोंदविले आणि पुढे कोनराड लोरेंट्सने त्याचा सविस्तर अभ्यास केला. म्हणूनच जाणत्या बाया एकदोन दिवसांची पिल्ले रात्रीच्या अंधारात, खुडूक कोंबडीची स्वतःची पिल्ले तेवढ्याच वयाची असताना, तिच्या पंखाखाली सरकवितात. आठवडा उलटल्यावर वेगळ्या रंगाचे पिल्लू भर दिवसा आणून सोडले, तर हे दत्तकविधान नामंजूर होण्याचाच संभव अधिक.

गैरसमज ३ : खुडूक होणे हा रोग आहे.

वस्तुस्थिती : या समजुतीपायी कोंबडीला थंड पाण्यात बुडविणे किंवा तिच्या नाकपुडीत पीस खोवणे असे जाच केले जातात. वास्तविक अंडी देणे थांबवून, चारापाण्यापुरते थोडा वेळ उठून बाकीचा सारा दिवस बसून राहणे हा तिचा निसर्गधर्म होय. पिल्ले नकोच असतील, तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाण्याचा बंदोबस्त करून, तिला काही दिवस ठेवणे पुरे. पण हा गुण गमावण्यासारखा नाही. बेंगळुरूकडील गिरिराज किंवा हैदराबादकडील वनराज या सुधारित जातींमधून खुडूकपणा बव्हंशी नाहीसा झालेला आहे. त्यांची अंडी यंत्रावाचून उबवायची झाल्यास शेवटी गावरान कोंबडीच्याच पायांशी जावे लागते. जिला आपण रोगी ठरविले, तिच्याच जिवावर सुधारित वंशाची पिल्ले परसात वाढतात.

गैरसमज ४ : माणसाचा हात लागलेले पिल्लू कोंबडी टाकून देते.

वस्तुस्थिती : तिच्या न्यायालयात गंधाच्या साक्षीला फारसे मोल नाही, साक्ष ग्राह्य धरली जाते ती डोळ्यांची, आणि त्याहून अधिक कानांची. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन संशोधनात बहिऱ्या केलेल्या टर्की माद्यांनी स्वतःच उबवलेली पिल्ले टोचून मारली, कारण पिल्लांचे चिवचिवणे त्यांच्या कानी पडत नव्हते. टर्की ही कोंबडीची दूरची नातलग. तिच्या बाबतीत तरी हे शाबीत झाले की रक्ताचे नाते पिल्लाला वाचवीत नाही, त्याची हाक वाचविते.

गैरसमज ५ : परकी पिल्ले पोसणारी कोंबडी कावळ्यासारखीच फसलेली असते.

वस्तुस्थिती : कोकिळेला संस्कृतात ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, म्हणतात, पण कोकिळेचे पिल्लू वाढते ते कावळ्याच्या स्वतःच्या पिल्लांच्या तोंडचा घास घेऊन. कोंबडीची पिल्ले पहिल्या दिवसापासून स्वतः दाणे टिपतात. तिला द्यावयाची असते ती ऊब, घारीपासूनची राखण आणि दाणा दाखविणारी हाक, आणि दहाऐवजी बारा पिल्ले झाली म्हणून यात फारसे उणे पडत नाही. घोटाळा होतो तो बदकांच्या बाबतीत : पिल्ले नाल्यात उतरतात आणि ही काठावर आकांत करीत धावत राहते.

माणसांच्या कायद्यात जमिनीवर वहिवाटीचा हक्क सांगावयास १२ वर्षांचा कब्जा लागतो. कोंबडीच्या दरबारी २१ दिवसांची बैठक आणि दोन दिवसांचे चिवचिवणे एवढ्यावर निकाल होतो, खरेदीखत कोणी विचारीत नाही. आणि मुदत भरली, म्हणजे पाचसहा आठवडे लोटून ती पुन्हा अंड्यावर आली, की पोटच्याला आणि परक्याला सारखेच टोचून ती आपल्यापासून दूर करते.