फुप्फुसातील गाठ पुन्हा वाढते तेव्हा

‘गाठ तर जाळली होती, मग ती पुन्हा कशी वाढली?’ हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक व्यथित होऊन विचारतात. त्यामागे ‘आता सारे संपले’ अशी धास्ती असते. ती प्रत्येक वेळी खरी नसते, हे स्पष्ट करण्यासाठी हा लेखप्रपंच.

ज्यांना शस्त्रक्रिया सोसवणार नाही, किंवा ज्यांच्या फुप्फुसात अन्य अवयवाच्या कर्करोगाच्या मोजक्या लहान गाठी आल्या आहेत, अशा निवडक रुग्णांना उष्णतेचा उपचार देता येतो. सीटी स्कॅनवर पाहत त्वचेतून बारीक सुई गाठीत नेली जाते. रेडिओलहरींच्या अथवा मायक्रोवेव्हच्या ऊर्जेने तेथील तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि पेशी मरतात. गाठीभोवतालची किमान ५ मिलिमीटरची कडाही जाळावी लागते. परंतु शेजारी मोठी रक्तवाहिनी असल्यास वाहते रक्त उष्णता आपल्याबरोबर नेते आणि त्या बाजूच्या काही पेशी वाचतात. गाठ ३ सेंटिमीटरहून मोठी असल्यास हा संभव वाढतो. पुढे याच पेशींतून गाठ पुन्हा वाढते.

अशा वेळी, रोग अन्यत्र पसरलेला नसल्यास, त्याच जागी पुन्हा हा उपचार करता येतो, कारण त्यात निरोगी फुप्फुस बरेचसे शाबूत राहते. फ्रान्समधील दोन केंद्रांतील ५६६ रुग्णांच्या १०३७ गाठींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचार केलेल्या जागेवरील चार वर्षांचे नियंत्रण ८९ टक्के आढळले. फुप्फुसात रोग पुन्हा दिसल्यावर काही रुग्णांवर चार वेळांपर्यंत सुरक्षितपणे उपचार झाले. अर्थात, उपचार निर्धोक नाही. फुप्फुसाभोवती हवा साचू शकते आणि काही वेळा ती काढण्यासाठी छातीत नळी घालावी लागते.

ही दुसरी संधी मिळते ती पुनर्वाढ लहान असतानाच लक्षात आली तर. उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. पुढे तो आकसत जातो. आकसलेला भाग पुन्हा वाढू लागला, तर मात्र शंका घ्यावी लागते. म्हणूनच जुने व नवे स्कॅन शेजारी ठेवून पाहणे अगत्याचे असते.

बरे वाटू लागल्यावर खर्चापायी आणि प्रवासापायी ही तपासणी टळते. नातेवाइकांनी तारीख चुकवू नये, ही विनंती. देणगीदारांच्या साहाय्याने एका गरजू रुग्णाचा एक स्कॅन वेळेवर झाला, तरी ते दान सत्कारणी लागले असे आम्ही समजू.